अंथरुणाला खिळलेल्या ज्येष्ठाला घरी आणताना : पहिल्या पंधरा दिवसांची तयारी

पक्षाघात, मोडलेला खुबा, मोठी शस्त्रक्रिया, वाढत गेलेला पार्किन्सन किंवा डिमेन्शिया. कारण कोणतंही असो, रुग्णालयातून "आता घरी न्या" असं सांगतात तेव्हा घरच्यांचं सगळं लक्ष मूळ आजाराकडे असतं. त्याची औषधं मात्र लिहून मिळालेली असतात. पुढे घरी जो त्रास उभा राहतो तो बहुतेक वेळा पडून राहण्यातून येतो. पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो, लघवीचा संसर्ग होतो, पोट तुंबतं, सांधे आखडतात, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते. यातलं बरंचसं हळूहळू वाढतं आणि सुरुवातीला फारसं दुखत नाही, त्यामुळे लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून पडून राहणं हाच एक वेगळा आजार समजा आणि त्यावरचे उपाय पहिल्या दिवसापासून सुरू करा. खालचे सगळे टप्पे त्याच हिशेबाने लावले आहेत.

तुमच्या रुग्णासाठी डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल, तर तेच पाळायचं.

१. डिस्चार्जच्या आधी, रुग्णालयातच

घरी पोहोचल्यावर शंका विचारायला जवळ कोणी नसतं. त्यामुळे शेवटचे दोन दिवस शिकण्यासाठी राखून ठेवा. नर्सला नुसतं "दाखवा" म्हणू नका. तिच्यासमोर स्वतःच्या हातांनी करून बघा : कूस बदलणं, पलंगावरून खुर्चीत बसवणं, पडल्या जागी डायपर आणि चादर बदलणं, नळी असेल तर नळीतून भरवणं, लघवीची पिशवी रिकामी करणं, इन्सुलिन देणं. हे घरातल्या किमान दोघांनी शिकावं. एकाच माणसाला येत असेल तर तो आजारी पडला की सगळं अडतं.

किती मदत लागणार याचा अंदाज घ्यायला एक जुनी आणि साधी मोजपट्टी आहे. सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये ती मांडली. अंघोळ, कपडे घालणं, शौचालयाचा वापर, उठून दुसरीकडे बसणं, लघवी-शौचावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणं ही सहा कामं घ्या. प्रत्येकापुढे 'स्वतः जमतं' किंवा 'मदत लागते' असं लिहा. सहापैकी पाच-सहा कामांना मदत लागत असेल तर एका माणसावर भागणार नाही, हे तिथेच मान्य करा आणि पाळ्यांचं ठरवूनच घरी या.

निघण्यापूर्वी रुग्णाची पाठ, माकडहाडाची जागा, दोन्ही खुबे आणि टाचा स्वतः बघा आणि फोटो काढून ठेवा. रुग्णालयातच जखम सुरू झालेली असेल, तर तिच्यावर काय लावायचं हे तिथल्याच माणसांकडून लिहून घ्या.

सोबत आणायचे कागद :

- डिस्चार्ज समरी, आणि त्यात पुढच्या तपासणीची तारीख
- चालू औषधांची यादी आणि *बंद केलेल्या* औषधांची वेगळी यादी
- ताजे रक्ताचे अहवाल, ईसीजी, स्कॅनच्या फिल्म किंवा फाइल
- अन्नाची नळी किंवा कॅथेटर (लघवीची नळी) बसवल्याची तारीख, त्याचा आकार आणि प्रकार
- ॲलर्जीची नोंद
- फिजिओथेरपिस्टने ठरवून दिलेले व्यायाम, चित्रांसह
- रात्री-बेरात्री कोणाला फोन करायचा तो क्रमांक

बंद केलेल्या औषधांची यादी बहुतेकजण मागतच नाहीत. मग घरात जुन्या पट्ट्या असतात, त्या सवयीने पुन्हा सुरू होतात.

२. खोली आणि साहित्य

खोली शौचालयाजवळची आणि घरातल्या वावराजवळची घ्या. आडबाजूच्या शांत खोलीत रुग्ण एकटा पडतो आणि त्याची हाक ऐकू येत नाही. पलंगाच्या दोन्ही बाजूंना माणूस उभा राहील एवढी जागा हवी. भिंतीला टेकवलेल्या पलंगावर रुग्णाला वळवताना सांभाळणाऱ्याची कंबर जाते.

डोक्याकडची बाजू, गुडघ्यांकडची बाजू आणि एकूण उंची अशा तिन्ही गोष्टी बदलता येणारा रुग्णालयी पलंग मिळाला तर उत्तम. विकत घेण्याची घाई नको. भाड्याने मिळत असेल तर आधी महिनाभर तसाच वापरून पाहा. गरज कशी बदलेल हे सुरुवातीला कळत नाही. उंचीचा हिशेब असा : रुग्णाला काठावर बसवाल तेव्हा त्याचे दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत, आणि तुम्ही उभ्याने काम कराल तेव्हा गादी तुमच्या कमरेच्या आसपास यायला हवी.

पलंगाच्या कठड्यांबद्दल सावध राहा. गोंधळलेला माणूस कठड्यावरून चढून उतरायला जातो आणि जास्त उंचीवरून पडतो. कठड्याच्या दांड्यांमधली किंवा कठडा आणि गादी यांमधली फट १२ सेंटीमीटरपेक्षा मोठी असेल तर त्यात डोकं अडकू शकतं. असा गोंधळलेला रुग्ण असेल तर रात्री पलंग शक्य तितका खाली करून शेजारी जाड गादी अंथरणं जास्त सुरक्षित.

याशिवाय लागतील : पाच-सहा उशा (दोन पातळ, बाकी नेहमीच्या), अंडरपॅड, डायपर, बेडपॅन, युरिन पॉट, डिस्पोजेबल हातमोजे, थर्मामीटर, बीपीचं यंत्र, ऑक्सिमीटर, आठवड्याच्या कप्प्यांची औषधांची डबी, मंद दिवा, मोठ्या आकड्यांचं घड्याळ आणि हाताशी ठेवायची घंटी.

३. एक तक्ता, पलंगाशेजारीच

साधी वही चालेल. कॉलम असे : वेळ, कोणत्या कुशीवर, किती प्यायलं, किती खाल्लं, लघवी, शौच, औषध, ताप-बीपी, त्वचा, सही. जो करेल त्याने तिथल्या तिथे लिहायचं.

हे कारकुनी काम वाटतं, पण पाळ्यांनी माणसं बदलतात तेव्हा "मला वाटलं तू पाणी दिलंस" असा घोळ होतोच. तीन दिवस शौच झालेलं नाही, कालपासून लघवी निम्मी झाली आहे, असं फक्त लिहिलेल्यावरून दिसतं. डॉक्टरांनाही फोनवर सांगायला नेमकं काही हाताशी असतं.

४. कूस बदलणं आणि त्वचा

सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्या.

हाड आणि गादी यांच्यामध्ये त्वचा दाबली गेली की तिथलं रक्त अडतं. निरोगी माणूस झोपेतही नकळत हलतो, त्यामुळे त्याला काही होत नाही. ज्याला हलता येत नाही किंवा बधिरपणामुळे दाब जाणवत नाही, त्याच्या त्वचेखालचं मांस काही तासांत मरायला लागतं. जखम अनेकदा आतून, हाडाजवळ सुरू होते. वर दिसते तेव्हा ती आत बरीच पसरलेली असू शकते.

*किती वेळाने वळवायचं.* दिवसा दर दोन तासांनी. रात्रीही सुरुवातीला तेच अंतर ठेवा. पंधरा दिवस त्वचा नितळ राहिली आणि गादी चांगली असली, तर नर्सला किंवा डॉक्टरांना विचारून रात्रीचं अंतर वाढवता येतं. त्यामुळे सांभाळणाऱ्याला सलग झोप मिळते, आणि ती लागतेच.

*कसं वळवायचं.* बरेचजण रुग्णाला पूर्ण कुशीवर, थेट खुब्यावर निजवतात. त्यात सगळा भार खुब्याच्या बाहेरच्या हाडावर येतो आणि तिथे जखम होते. शरीर साधारण ३० अंशच कलतं ठेवा. पाठीमागे खांद्यापासून कमरेपर्यंत उशी सारा, म्हणजे भार पार्श्वभागाच्या मांसल भागावर येतो. वरचा पाय थोडा पुढे आणि वाकवून, दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी. मग हात आत सरकवून माकडहाडाची जागा गादीपासून मोकळी आहे ना ते चाचपा. क्रम ठेवायचा : डावीकडे कलतं, पाठीवर, उजवीकडे कलतं. ज्या बाजूला लाली असेल ती बाजू त्या क्रमातून वगळा.

*टाचा.* टाचेखाली उशी ठेवणं चूक आहे. उशी पोटरीखाली लांबवर ठेवा, गुडघा किंचित वाकलेला राहू द्या, आणि टाच हवेत अधांतरी असू द्या. टाच आणि गादी यांमधून कागद सहज सरकला पाहिजे.

*घसरण.* डोक्याकडची बाजू उंच करून रुग्णाला तासन्‌तास बसतं ठेवलं की तो हळूहळू खाली घसरतो. त्वचा चादरीला चिकटून जागीच राहते आणि आतलं हाड खाली सरकतं. आतल्या बारीक रक्तवाहिन्या त्यात ताणल्या जातात, तुटतात. जेवणाची आणि त्यानंतरची वेळ सोडली तर डोक्याकडची बाजू ३० अंशांपेक्षा वर नेऊ नका. वर करण्याआधी गुडघ्यांकडची बाजू थोडी उचला, म्हणजे घसरण कमी होते. नळीने भरवत असाल किंवा धाप लागत असेल तर किती उंची ठेवायची ते डॉक्टरांना विचारा.

*एअर मॅट्रेस.* ही गादी असली तरी कूस बदलावीच लागते. पंपावर रुग्णाच्या वजनाप्रमाणे दाब लावा. फार टणक केली तर उपयोग नाही, फार सैल असेल तर रुग्ण खालच्या पलंगाला टेकतो. तपासायचं कसं? रुग्ण पाठीवर असताना त्याच्या पार्श्वभागाखाली, एअर मॅट्रेसच्या खालून सपाट हात घाला. हाताला हाड लागलं तर हवा कमी आहे. मध्ये निदान अडीच सेंटीमीटर हवा हवी. तिच्यावर एकच सुती चादर अंथरा. चादर, रजई, रबर आणि वर दोन अंडरपॅड अशी चळत रचली तर गादीवरचा खर्च वाया जातो. पंप बंद पडू शकतो, म्हणून खाली फोमची गादी असू द्या.

*रोज दोनदा पाहणी.* डोक्याची मागची बाजू, कानाच्या कडा, खांद्याची पाती, कोपरं, माकडहाड, खुबे, घोटे, टाचा. नळी किंवा ऑक्सिजनचा मास्क असेल तर नाकपुडी आणि कानामागेही. लाल जागेवर बोटाने दाबा आणि सोडा. जागा क्षणभर फिकट होऊन पुन्हा लाल झाली तर दाब काढल्यावर ती सावरेल. दाबूनही लालीच राहिली तर ती शय्याव्रणाची, म्हणजे बेडसोरची, पहिली पायरी. सावळ्या-काळ्या त्वचेवर लाली दिसत नाही. तिथे जांभळट किंवा जास्त गडद डाग, आसपासपेक्षा गरम, टणक किंवा लिबलिबीत लागणारी जागा शोधा. अशी जागा दिसली की तिच्यावरचा भार पूर्ण काढा आणि त्याच दिवशी नर्सला दाखवा.

घरोघरी होणाऱ्या चार चुका इथेच सांगायला हव्यात. लाल जागा चोळू नका, आतलं नाजूक मांस आणखी फाटतं. रबरी रिंग किंवा मधे भोक असलेली उशी वापरू नका, तिच्या कडेमुळे भोवतालचं रक्त अडतं. टाल्कम पावडर घामात भिजून खडे होतात, तेच टोचतात. आणि जखमेवर स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा घरगुती लेप घालू नका. ते नव्या पेशीही मारतात.

जखम होऊ नये आणि झालीच तर भरावी यासाठी प्रथिनं लागतात. आजारी ज्येष्ठांना साधारणपणे दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम सांगतात. ५० किलोच्या माणसाला म्हणजे ६० ते ७५ ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरच ठरवतील.

५. सरकवणं, बसवणं, उभं करणं

काखेत हात घालून ओढू नका. पक्षाघातानंतर दुबळ्या बाजूचा खांदा सैल झालेला असतो, तो अशा ओढण्याने निखळतो आणि मग महिनोन्‌महिने दुखतो. एक चादर चौपदरी करून खांद्यांपासून मांड्यांपर्यंत रुग्णाखाली कायम ठेवा (एअर मॅट्रेस असेल तर सरकवण्यापुरतीच). तिच्या सुरकुत्या मात्र रोज काढा. वर सरकवताना पलंग सपाट करा, दोघांनी दोन बाजूंनी चादर शरीराजवळ घट्ट धरा, आकडे मोजून एकाच वेळी उचला. घासत ओढू नका.

खुर्चीत बसवताना व्हीलचेअर रुग्णाच्या *चांगल्या* बाजूला, पलंगाशी तिरकी लावा. ब्रेक लावा, पाय ठेवायच्या पट्ट्या वर करा. रुग्णाला काठावर पाय सोडून दोन-तीन मिनिटं बसू द्या. बरेच दिवस पडून राहिलेल्या माणसाचं बीपी उठल्यावर एकदम उतरतं. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने खाली आला, अथवा चक्कर, घाम, अंधारी आली, तर परत निजवा आणि डॉक्टरांना सांगा. उभं करताना गुडघे तुम्ही वाकवा, कंबर नाही, आणि आपल्या गुडघ्याने त्याचा दुबळा गुडघा अडवा. रुग्ण कोसळायला लागला तर त्याला तोलून धरायचा हट्ट करू नका. स्वतःच्या अंगावरून हळू खाली घ्या.

पहिल्या आठवड्यात खुर्चीतली बैठक एका वेळी तासाभरापेक्षा जास्त नको. बसल्यावरही पार्श्वभागावरचा भार दर पंधरा-तीस मिनिटांनी हलवायचा असतो.

६. भरवणं

गिळण्याचा त्रास असलेल्या माणसाचा घास किंवा थुंकी श्वासनलिकेत जाते आणि न्यूमोनिया होतो. कधी कधी ठसकाही लागत नाही, त्यामुळे सांभाळणाऱ्याला पत्ता लागत नाही. म्हणून ठसक्याखेरीज या खुणा बघा : जेवताना किंवा नंतर आवाज ओलसर, घोगरा होणं, गालात घास साठणं, एक घास गिळायला फार वेळ लागणं, डोळ्यांतून पाणी, जेवणानंतर धाप, दर थोड्या दिवसांनी येणारा ताप. यातलं काही दिसलं तर गिळण्याची तपासणी करणाऱ्या स्पीच थेरपिस्टला दाखवा.

भरवायची पद्धत :

- पूर्ण जागा असेल तेव्हाच भरवा. पेंगत असेल तर थांबा.
- जास्तीत जास्त ताठ बसवा. मान मागे टाकलेली नको.
- तुम्ही त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा. उभ्याने भरवलं की तो वर बघतो आणि श्वासमार्ग उघडा पडतो.
- लहान चमचा, अर्धा भरलेला. गिळल्यावर गळ्याची घाटी वर जाताना दिसली की मगच पुढचा.
- पक्षाघात असेल तर घास चांगल्या बाजूच्या गालात.
- टीव्ही बंद. बोलणं घास संपल्यावर.
- शेवटी तोंडात बोट न घालता, टॉर्चने गाल तपासा.
- नंतर निदान अर्धा तास ताठच बसलेलं राहू द्या.

अनेकांना वाटतं पाणी सगळ्यात सोपं. गिळण्याचा त्रास असलेल्याला पातळ पाणीच सगळ्यात अवघड जातं, कारण ते घशात फार वेगाने उतरतं. किती दाट करायचं ते थेरपिस्ट ठरवतात. अंदाजाने दाटपणा बदलू नका.

दात आणि जीभ दिवसातून निदान दोनदा स्वच्छ करा, तोंडाने काहीच खात नसेल तरीही. तोंडातले जंतू थुंकीबरोबर छातीत जातात. कवळी रात्री काढून ठेवा.

*नाकातून नळी असेल तर.* दर वेळी भरवण्याआधी नळीवरची नाकपुडीजवळची खूण तिथेच आहे का ते बघा, घशात गुंडाळी झाली नाही ना हे तोंड उघडून पाहा. मग सिरिंजने थोडा द्रव ओढून पीएच पट्टीवर (आम्लता दाखवणाऱ्या कागदी पट्टीवर) टाका. ५.५ किंवा कमी आला तर टोक जठरात आहे. ॲसिडिटीची औषधं चालू असतील तर आकडा जास्त येऊ शकतो, अशा वेळी नर्सला विचारल्याशिवाय भरवू नका. हवा सोडून पोटात आवाज ऐकण्याची जुनी रीत भरवशाची नाही. डोक्याची बाजू ३० ते ४५ अंश उंच. आधी ३० मिलिलीटर पाणी, मग अन्न सिरिंज उंच धरून आपोआप उतरू द्यायचं, दट्ट्या दाबायचा नाही, शेवटी पुन्हा ३० मिलिलीटर पाणी. पाण्यावर बंधन असेल तर हे पाणीही हिशेबात धरा. भरवताना खोकला आला, ओठ निळसर झाले, धाप लागली तर तिथेच थांबा. नळी निघून आली तर स्वतः घालायचा प्रयत्न करू नका.

७. लघवी आणि शौच

कॅथेटर असेल तर पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकलेली. रुग्णाला खुर्चीत नेताना पिशवी त्याच्या मांडीवर ठेवतात, ते करू नका. साचलेली लघवी उलटी आत जाते. पिशवी अर्धी-पाऊण भरली की रिकामी करा. नळी मांडीला चिकटपट्टीने बांधा, म्हणजे ओढ बसत नाही. नळी आत जाते ती जागा रोज साबण-पाण्याने धुवा. लॅटेक्सचं कॅथेटर साधारण ४ आठवडे आणि पूर्ण सिलिकॉनचं १२ आठवड्यांपर्यंत चालतं. बदलायची तारीख तक्त्यावर लिहा. आणि प्रत्येक भेटीत डॉक्टरांना विचारा, "हे अजून हवंय का?" जितके दिवस जास्त, तितका संसर्गाचा धोका जास्त.

डायपर दर दोन-तीन तासांनी तपासा, शौच झालं की लगेच बदला. स्त्रियांना पुढून मागे पुसा. कोरडं करून झिंक ऑक्साइडचं मलम पातळ लावा.

एक सापळा फार जणांना चकवतो. कित्येक दिवस शौच झालेलं नसतं आणि अचानक पातळ गळायला लागतं. घरचे जुलाबावरची गोळी देतात. प्रत्यक्षात आत कडक मळ अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ मळ झिरपत असतो. गोळीने अडथळा आणखी पक्का होतो. तीन दिवस शौच नाही झालं तर डॉक्टरांना कळवा, आणि त्यानंतर गळती सुरू झाली तर तसं स्पष्ट सांगा.

८. औषधं

जुनी यादी आणि डिस्चार्जची यादी शेजारी ठेवून *मूळ औषधाचं नाव* जुळवा, ब्रँडचं नाही. एकच औषध दोन ब्रँडच्या नावांनी दोनदा दिलं जाणं ही नेहमीची चूक आहे. वेदनाशामक, सर्दी आणि ताप यांच्या गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल लपलेलं असतं. प्रौढांसाठी दिवसाला ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा, आणि कृश किंवा यकृताचा आजार असलेल्या ज्येष्ठांना त्याहून कमी.

'एसआर', 'एक्सआर', 'ईआर' असं लिहिलेल्या किंवा आतड्यात विरघळण्यासाठी आवरण असलेल्या गोळ्या कुटू नका. दिवसभर थोडं थोडं सुटणारं औषध एकदम अंगात जातं. पर्याय फार्मासिस्टला विचारा. पार्किन्सनच्या गोळ्या ठरलेल्या मिनिटाला द्या आणि अचानक कधीही बंद करू नका. झोपेची गोळी सांभाळणाऱ्याच्या सोयीसाठी वाढवू नका. तिने गोंधळ वाढतो, माणूस पडतो आणि छातीतला कफही बाहेर पडत नाही.

९. सांधे आणि छाती

रोज दोनदा प्रत्येक सांधा हळू, पूर्ण पल्ल्यात पाच ते दहा वेळा हलवा. दुखेल तिथे थांबा, जोर लावू नका. बोटं आणि घोटे विसरू नका. पाऊल खाली लोंबकळत राहिलं तर तसंच आखडतं आणि पुढे उभं राहता येत नाही. जड पांघरूण बोटांवर दाबून बसू देऊ नका. दिवसातून अनेकदा पाच-सहा खोल श्वास आणि मुद्दाम खोकला.

एकाच पोटरीला सूज, गरमपणा, दुखणं असेल तर मालिश अजिबात नाही. गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. बधिर अंगावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, भाजलेलं त्याला कळत नाही.

१०. अचानक आलेला गोंधळ

कालपर्यंत ओळखणारा माणूस आज भलतंच बोलतो, रात्री नळ्या उपसतो किंवा उलट दिवसभर गप्प, झोपाळलेला राहतो. याला 'वयाचं' म्हणून सोडू नका. डिमेन्शिया महिन्यांनी-वर्षांनी वाढतो. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत येणारा, कमीजास्त होणारा गोंधळ म्हणजे डिलिरियम, आणि त्याला बहुतेक वेळा शारीरिक कारण असतं : संसर्ग, पाण्याची कमतरता, सोडियम उतरणं, तुंबलेली लघवी, मलावरोध, वेदना, नवीन औषध. गप्प राहणारा प्रकार जास्त फसवतो, कारण तो त्रास देत नाही. डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. तोवर चष्मा आणि श्रवणयंत्र लावा, दिवसा उजेड, रात्री मंद दिवा, ओळखीचा आवाज. हातपाय बांधू नका.

११. माणसांची वाटणी

आठवड्याचे १६८ तास असतात. ते कागदावर मांडा. फक्त भरवण्यातच दिवसाचे दोन-तीन तास जातात, कूस बदलणं दहा-बारा वेळा, स्वच्छता चार-सहा वेळा. कोणाचे कोणते तास ते नाव घालून लिहा. 'सगळे मिळून बघू' याचा अर्थ घरोघरी 'एकच जण बघणार' असा होतो, आणि ती बहुतेक वेळा घरातली एक बाई असते. तिने नोकरी सोडावी हे गृहीत धरून आखणी करू नका. दूर राहणाऱ्यांनाही ठरलेलं काम द्या : औषधं मागवणं, बिलं, डॉक्टरांच्या वेळा, किंवा महिन्यातून सलग काही दिवस येऊन पूर्ण ताबा घेणं.

रात्र दोघांत वाटा. प्रत्येकाला आठवड्यात एक पूर्ण दिवस सुटी. पगारी मदतनीस ठेवला तर पहिले तीन दिवस त्याच्यासोबत राहा, तक्ता त्यालाही भरायला लावा, आणि काय करायचं *नाही* ते लिहून द्या : औषधाचा डोस बदलणं, नळी घालणं, एकट्याने उचलणं. पाळी बदलताना दहा मिनिटं दोघांनी मिळून त्वचा आणि तक्ता बघावा.

सांभाळणाऱ्याला रात्रीची झोप येईनाशी झाली, विनाकारण रडू येऊ लागलं, रुग्णावर हात उगारावासा वाटला, तर ते लगेच बोला आणि पाळी बदला. तिथे रुग्णही असुरक्षित असतो.

१२. त्यांची इच्छा आणि सही

माणूस समजून बोलू शकतो तोवरच विचारायचं. प्रकृती फार खालावली तर व्हेंटिलेटर हवा का? हृदय थांबलं तर दाब देऊन सुरू करायचं का? कायमची नळी चालेल का? शेवटचे दिवस घरी की रुग्णालयात? आपल्या वतीने निर्णय कोणी घ्यावा? एका बैठकीत सगळं विचारू नका. उत्तर त्यांच्या शब्दांत लिहा, सगळ्या मुलांना एकत्र ऐकवा. बँक, विमा, पेन्शन यांचे अधिकार कोणाकडे द्यायचे याचे कागदही तेव्हाच, तुमच्या इथल्या कायद्याप्रमाणे करा. समज गेल्यावर घेतलेली सही किंवा अंगठा टिकत नाही, आणि तीच पुढे भावंडांच्या भांडणाची सुरुवात होते.

१३. फोन कधी करायचा

त्याच दिवशी डॉक्टरांना : ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, नवी जखम किंवा जुनीला दुर्गंधी, खाणं-पिणं निम्म्यावर येणं, लघवीत रक्त, नवा गोंधळ.

लगेच रुग्णवाहिकेला : श्वासाची धाप किंवा निळसर ओठ, छातीत दुखणं, जागं न होणं, फिट, काळं किंवा रक्ताचं शौच, कॅथेटरमधून काही तास थेंबही नाही आणि ओटीपोट फुगलेलं, डोक्यावर पडणं (रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर वरून काहीही दिसत नसलं तरी). तसंच चेहरा एका बाजूला ओघळणं, एक हात खाली पडणं, बोलणं अडखळणं. या पक्षाघाताच्या खुणा; यात रुग्ण शेवटचा *ठीक* कधी दिसला होता ती वेळ सांगा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात आणि तो हिशेब त्या वेळेपासून होतो.

पलंगाजवळच्या भिंतीवर एक कागद चिकटवा : रुग्णाचं नाव, वय, आजार, ॲलर्जी, चालू औषधं, घराचा पत्ता आणि जवळची खूण, डॉक्टर, रुग्णवाहिका आणि दोन नातेवाइकांचे क्रमांक. रात्री एकट्याने पाळीवर असलेल्या नव्या मदतनिसालाही तो न अडखळता वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात लिहा.